माझ्या पडद्यावर चिकटवलेली पट्टी

मी सोनोग्राफीची एक जुनी मशीन आहे. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढे वाद नको. लोक म्हणतात की मी पोटातले पाणी मोजते. ते खरे नाही. मी फक्त दोन फुल्यांमधले अंतर मोजते. त्या फुल्या कुठे ठेवायच्या ते माणसाचा हात ठरवतो. एवढे लक्षात ठेवलेत तर माझी अर्धी गोष्ट तुम्हाला आत्ताच कळली.

राहुरीत बसस्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एक लहानसे प्रसूतिगृह आहे. त्याच्या तळमजल्यावर, खिडकीला जाड पडदा लावलेल्या एका खोलीत मी चौदा वर्षे काम केले. आजूबाजूच्या गावांतल्या आणि वस्त्यांवरच्या बायका माझ्याकडे येत. तुम्ही त्या भागातले असाल तर एक सांगू का? तुमच्यातल्या काहींना मी तुमच्या आईच्याही आधी पाहिले आहे. कोणी अंगठा चोखत होते, कोणी पाय डोक्याशी नेऊन झोपले होते, आणि एका महाशयांनी तर अर्धा तास तोंडच दाखवले नाही. नावे सांगत नाही. मला ती माहीतही नाहीत.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. टोप्या घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात तारा जोडल्या, एका तपासनिसाने मला दिवसभर चालवून पाहिले आणि शेवटी माझ्या पाठीवर एक क्रमांक बसवला. तुमचा जन्माचा दाखला असतो तसा तो माझा क्रमांक. मग टेम्पोत बसून पुण्यावरून निघाले, केडगाव ओलांडले आणि राहुरीला उतरले. उतरले खरी, पण तीन आठवडे खोक्यातच बसून राहिले. माझ्यासारख्या मशीनची सरकारदरबारी नोंद झाल्याशिवाय कोणी बटणाला हात लावू शकत नाही. जिल्ह्याचे नाव आता बदलले आहे, पण माझ्या नोंदणीच्या कागदावर अजून जुनेच आहे.

एवढा कडक पहारा कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पूर्वी माझ्याच जातीच्या मशीनींकडून लोकांनी मुलगा की मुलगी हे काढून घेतले आणि पुष्कळ मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत. मला त्याची लाज वाटते. म्हणून माझ्या खोलीच्या दारावर मोठी पाटी होती, की येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तरी काहीजण ताकाला जाऊन भांडे लपवत. हळूच विचारत, "बाई, पेढे आणायचे का बर्फी?" आमच्या डॉक्टर सुचित्राबाई चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "दोन्ही आणा. मी दोन्ही खाते."

सुचित्राबाईंचे वडील शाळेत मास्तर होते. त्यामुळे रागावण्याची सवय त्यांच्या अंगात होती, आणि समजावण्याचीही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चालवणाऱ्यासारखे नाही, तर वर्गात आलेल्या नव्या मुलीला बघावे तसे बघितले. माझा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा तो मुठीएवढा भाग, त्या अलगद धरत. त्यांचा हात फार हलका होता. पोटावर जोर दिला की आतले पाणी बाजूला सरकते आणि आहे त्यापेक्षा कमी दिसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता माझे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. तुम्ही विहिरीत तोंड घालून ओरडता तेव्हा आवाज परत येतो ना? मीही आवाज पाठवते, पण तो इतका बारीक असतो की तुमच्या कानाला ऐकू येत नाही. हाडावर आपटून तो जोरात परत येतो, म्हणून हाड माझ्या पडद्यावर पांढरे दिसते. मांस करड्या रंगाचे दिसते. पाण्यातून मात्र आवाज परत येतच नाही, सरळ आरपार जातो, म्हणून पाणी काळे दिसते. अगदी कुट्ट काळे. कसले पाणी आहे, कोणाचे आहे, ते मला कळत नाही. माझ्यासाठी सगळे पाणी सारखेच काळे.

आईच्या पोटात बाळाभोवती पाणी असते. त्या पाण्यात ते हलते, पाय झाडते, तेच गिळते आणि त्यातच शू करते. शेवटच्या महिन्यांत हे पाणी फार आटले तर बाळाच्या नाळेवर दाब येऊ शकतो. नाळ दाबली गेली की बाळाचा श्वासच दाबला गेल्यासारखे होते. म्हणून पाणी किती आहे ते पाहावे लागते. पण पोटात तांब्या बुडवून तर मोजता येत नाही. मग डॉक्टर काय करतात? भाकरीचे चार चतकोर करावेत तसे पोटाचे मनातल्या मनात चार भाग करतात. प्रत्येक चतकोरात पाण्याची सगळ्यांत खोल जागा शोधतात. मध्ये नाळ नको, बाळाचा हातपाय नको. मग एक फुली वर आणि एक फुली बरोबर तिच्या खाली. मी अंतर सेंटिमीटरमध्ये सांगते. चार अंतरांची बेरीजही मीच करते. आठच्या पुढे असले तर सहसा ठीक. पाचच्या खाली गेले तर काळजी. चोवीस-पंचवीसच्या वर गेले तरी काळजीच, पण ती वेगळी.

माझी बेरीज चौदा वर्षांत एकदाही चुकली नाही. हे मी गर्वाने सांगत होते, सात वर्षांपूर्वीच्या त्या बाजाराच्या दिवसापर्यंत.

रुपाली कोल्हारची. शेवगावकडे दिलेली. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून आईकडे आलेली. ती पहिल्यांदा माझ्यासमोर झोपली तेव्हा तिला तिसरा महिना होता. त्या वेळी काकासाहेबांनी, म्हणजे आमच्याकडे फॉर्म भरून घेणाऱ्या कारकुनांनी, तिला बाहेर बसवून तीन ग्लास पाणी प्यायला लावले होते आणि लघवीला जाऊ दिले नव्हते. ते बरोबरच होते. सुरुवातीच्या महिन्यांत आईची लघवीची पिशवी भरलेली असली की मला इवलेसे बाळ नीट दिसते. रुपालीची आई रतनबाई तेव्हा सोबत होती. बाईचा स्वभाव असा की दवाखान्यात एकदा ऐकलेले ती जन्मात विसरायची नाही. तिने ते गाठीला बांधून ठेवले.

पुढे आठव्या महिन्यात रुपाली पुन्हा आली. माझी बेरीज सात पॉइंट दोन आली. सुचित्राबाई म्हणाल्या, "पाणी जरा कमी आहे. घाबरण्यासारखं नाही. पाणी भरपूर प्यायचं, डाव्या कुशीवर झोपायचं, आणि दोन आठवड्यांनी परत यायचं." रतनबाईने दोन गोष्टी जोडल्या. पोटातले पाणी कमी आहे. पाणी पाजून आणले की पोट चांगले दिसते. यात त्या माउलीचे काय चुकले ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही गोष्टी तिला आम्हीच शिकवल्या होत्या.

दोन आठवड्यांनी ती लेकीला घेऊन निघाली ती पाण्याची कळशी सोबत घेतल्यासारखी. मे महिना, ऊन मी म्हणत होते. कोल्हारच्या थांब्यावर एक तांब्या, गाडीत एक तांब्या, आमच्या दारात तिसरा. वाटेत रुपाली दोनदा म्हणाली, "आई, मला जायचंय." रतनबाईने जाऊ दिले नाही.

त्या दिवशी आमच्याकडे नुसती झुंबड उडाली होती. बाजाराच्या दिवशी बायका बाजार आणि दवाखाना एकाच खेपेत उरकतात. त्यात सकाळी दोन तास वीज नव्हती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे वरच्या मजल्यावर एक अवघड बाळंतपण चालू होते. सुचित्राबाई जिना चढत होत्या, उतरत होत्या. रुपालीचा नंबर आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि बाईंनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

"कसं आहे? त्रास काही?" त्यांनी प्रोब ठेवता ठेवता विचारले.

"न्हाई," रुपाली म्हणाली. तिला एकच त्रास होता आणि तो सांगायची तिला लाज वाटत होती.

वरचे दोन चतकोर. एक पॉइंट नऊ. एक पॉइंट दोन. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग प्रोब खाली गेला आणि पडद्यावर मोठ्ठे काळे तळे आले. फुली, फुली. चार पॉइंट नऊ. पलीकडे सरकवला, तिथेही काळे. तीन पॉइंट तीन. मी बेरीज केली, अकरा पॉइंट तीन. कपाळाची आठी गेली.

"वा! वाढलं की पाणी," बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात या."

बाहेर रतनबाईने हे ऐकले आणि तिला आभाळ ठेंगणे झाले. रुपालीने मात्र कोणाचे काही ऐकले नाही. टेबलावरून उतरली ती थेट स्वच्छतागृहाकडे धावली. तिथे आमच्या लंकामावशी फरशी पुसत होत्या. लंकामावशी म्हणजे त्या दवाखान्याचे हातपाय. पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझे अंग मऊ कपड्याने पुसणाऱ्या त्याच. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते, पण अंधाऱ्या खोलीत माझ्याशेजारी उभे राहून त्यांनी जेवढी पोटे बघितली होती तेवढी पुष्कळ डॉक्टरांनी बघितली नसतील.

मित्रांनो, मी सोडलेला हा आकडा आता कागदावर चढून बाहेर गेला होता. मला काहीच वाटले नाही. बेरीज बरोबर होती.

आणखी तीन बायका तपासून झाल्या. वरचे बाळंतपणही पार पडले. बाई माझ्यासमोरच्या स्टुलावर टेकल्या आणि लंकामावशींनी चहाचा कप आणून दिला. त्यांचा स्वभाव बोलका. चहाबरोबर गंमत म्हणून त्या सांगू लागल्या.

"बाई, ती कोल्हारची म्हातारी लई ग्वाड हाय. लेकीला तीन तांबे पानी पाजून आनली अन् लघवीला जाऊ दिली न्हाई. पोरगी बिचारी पळत आली. म्हातारी मला म्हनती कशी, बगा, मी पाजलं म्हनून वाढलं का न्हाई पानी!"

लंकामावशी हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

"काय म्हणालीस? लघवी न करता झोपली होती ती?"

"व्हय की."

बाईंनी माझी बटणे दाबली. मी रुपालीची ठेवलेली चित्रे परत काढून दिली. पहिले, दुसरे, तिसरे. तिसऱ्यावर त्या थांबल्या. ते मोठे काळे तळे. त्याच्या कडा गुळगुळीत होत्या, आत बाळाचे बोटसुद्धा नव्हते, आणि तळ्याच्या नि बाळाच्या मधे एक पांढरट जाड भिंत होती. मघाशीही ती तिथेच होती. मी दाखवली होती. पण घाईत बघणाऱ्याला भिंत दिसत नाही, नुसते काळे दिसते.

ते बाळाचे पाणी नव्हते. ती रुपालीची भरलेली लघवीची पिशवी होती. चौथ्या चतकोरातही तीच पसरलेली होती.

वरच्या दोन चतकोरांची बेरीज होती तीन पॉइंट एक. खाली काय उरले असेल ते कोणालाच माहीत नव्हते, आणि पुढच्या आठवड्यात या असे सांगून आम्ही त्या मायलेकींना वाटेला लावले होते.

"काकासाहेब!" बाईंनी एवढ्या मोठ्याने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. "त्या रुपालीला फोन लावा. आत्ता."

काकासाहेबांनी फॉर्म काढला. फॉर्मवर नंबर होता तिच्या नवऱ्याचा, अंगदचा. असे नेहमीच असते. पोट बाईचे आणि नंबर बाप्याचा. अंगदने फोन उचलला. तो शेवगावात होता, पाऊणशे किलोमीटर लांब.

"काय झालं? बाळाला काय झालं का?" तो एकदम ओरडू लागला. "मी तर हितं हाय. रुपालीचा मोबाईल घरी चार्जिंगला लावलाय म्हनली हुती सकाळी. आत्याबाईंकडं, म्हंजी माझ्या सासूकडं, मोबाईल न्हाई वो."

काकासाहेबांनी फोन ठेवला आणि स्कूटरची किल्ली उचलली. एरवी हा माणूस जेवायला उठायचा तरी दहा मिनिटे घ्यायचा. पुढचे मी पाहिले नाही, पण त्यांनी ते नंतर वर्षभर इतक्यांदा सांगितले की मला तोंडपाठ झाले आहे. बसस्थानकात कोल्हारवरून जाणारी कोपरगावची गाडी लागलेली होती. ते गाडीत चढले, या टोकापासून त्या टोकापर्यंत रुपाली, रुपाली म्हणून ओरडले. कंडक्टरने त्यांना खाली उतरवले. गाडी सुटली. काकासाहेब तोंडात मारल्यासारखे तिथेच उभे राहिले. मग त्यांना समोरच्या रसवंतीतून एक ओळखीचा आवाज ऐकू आला. रतनबाई उसाच्या रसाचा दुसरा ग्लास लेकीच्या हातात देत होती. म्हणत होती, "पी, पी, पानी अजून वाढंल." आनंदाच्या भरात तिने आपली गाडी सोडली होती.

त्या दोघी परत आल्या तेव्हा बाईंनी आधी एकच गोष्ट केली. त्या रुपालीला म्हणाल्या, "लघवीला जाऊन ये. पूर्ण. घाई करू नको." मग तिला टेबलावर घेतले.

वर एक पॉइंट आठ. एक पॉइंट एक. खालच्या डाव्या चतकोरात शून्य पॉइंट नऊ. शेवटच्या चतकोरात प्रोब कितीतरी वेळ फिरला. तिथे काळे काहीच नव्हते. सगळीकडे करडे आणि पांढरे. बाळ चारी बाजूंनी घट्ट आवळून बसवल्यासारखे दिसत होते. मी बेरीज दाखवली. तीन पॉइंट आठ.

बाईंनी खोलीतला दिवा लावला. रतनबाई दाराशी उभी होती, तिला आत बोलावले.

"रतनबाई, चूक माझी झाली. मघाशी मी पाणी म्हणून जे मोजलं ते बाळाचं नव्हतं. रुपालीची लघवीची पिशवी भरलेली होती, तीच मी मोजली."

रतनबाईला पटकन उमगले नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मी पाजलेलं पानीच तुमी मोजलं?"

"हो."

"आन् बाळाचं?"

"बाळाचं फार थोडं उरलंय."

रतनबाई मटकन खाली बसली. "मीच क्येलं. पोरगी दोनदा म्हनली, जाऊ दे, जाऊ दे. मी रांड तिला अडवून धरलं."

"असं काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "पाणी पाजलंत ते बरंच केलंत. ते अडवायचं नव्हतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला हवं होतं. आणि टेबलावर घेण्याआधी मी एका वाक्यात विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही." मग त्यांनी रुपालीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता खरं सांग. बाळ कसं हलतंय?"

रुपालीने आधी आईकडे बघितले. "दोन दिस झालं, कमी हलतंय. पर आई म्हनली, नववा लागला की जागा पुरत न्हाई, म्हनून."

मघाशी हे तिला कोणी विचारले नव्हते. त्रास काही, एवढेच विचारले होते.

बाळाच्या ठोक्यांचा कागद काढला. ठोके चालता चालता मधेच खाली उतरत होते. बाईंनी तो कागद दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "वाट बघण्यात अर्थ नाही. सिझर करावं लागेल. वर घ्या हिला." दुपारचे साडेतीन वाजले होते.

मित्रांनो, मी हजारो बाळे पाहिली, पण जन्मलेले एकही पाहिले नाही. माझी खोली खाली, त्यांची खोली वर. मला फक्त छतावरून येणारे आवाज ऐकू येतात. त्या दिवशी मला कोणी बंद केले नव्हते. रुपालीच्या बाळाचे शेवटचे चित्र माझ्या पडद्यावर तसेच थांबलेले होते. रतनबाई माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. तिने चित्राकडे पाहून हात जोडले. मला फार वाईट वाटले. मी देव नाही हो, मी बेरीज करणारी मशीन आहे, आणि तीही कसली बेरीज करून बसले ते तुला माहीत आहे.

वर पावले वाजली. काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग सगळे शांत झाले, आणि ती शांतता फार लांबली. लंकामावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून वर बघत होत्या. त्यांच्या हातातले फडके खाली पडले तरी त्यांना कळले नाही.

मग ते रडणे आले. आधी मांजराच्या पिलासारखे एवढेसे, मग चांगले खणखणीत. लंकामावशींनी डोळ्याला पदर लावला. रतनबाईने आपले कपाळ माझ्या टेबलाच्या पायावर टेकले. माझ्याही जिवात जीव आला. दोन किलो शंभर ग्रॅमची मुलगी होती. नाळ गळ्याला एक वेढा घेऊन बसलेली. आठवडाभर थांबलो असतो तर काय झाले असते ते बाईंनी कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

संध्याकाळी अंगद आला. येताना त्याने पेढे आणले होते आणि बर्फीही. सुचित्राबाईंनी खरोखरच दोन्ही खाल्ले.

सगळे गेल्यावर बाई परत माझ्या खोलीत आल्या. त्यांनी एक पांढरी चिकटपट्टी कापली, तिच्यावर काळ्या शाईने ठळक अक्षरांत लिहिले आणि ती माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवली. आधी विचारा : लघवीला जाऊन आलात का? बाळ कसे हलते आहे? चौदा वर्षांत माझ्या अंगावर पुष्कळ कागद चिकटले. नोंदणीचे, तपासणीचे, दुरुस्तीचे. पण दागिना म्हणावा असा हा एकच. त्या दिवसापासून बाईंनी प्रोब उचलण्याआधी ती पट्टी वाचली नाही असे एकदाही झाले नाही. तोंडपाठ झाली तरी वाचायच्या.

दिवस जातात तसे मशीनचेही जातात. माझ्या प्रोबमधले आवाज सोडणारे काही मणी निकामी झाले आणि पडद्यावर मधोमध एक उभी सावली पडू लागली. पंखा घरघर करू लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, हिचे भाग आता मिळत नाहीत. मागच्या दिवाळीनंतर नवी मशीन आली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तशी. तिचा पडदा रंगीत, रक्त वाहताना लाल-निळे दाखवते, नाळ कुठे आहे ते चटकन सांगते. मी काय तिच्यावर जळू? जळते थोडी. मला कोपऱ्यात सरकवले आणि लंकामावशींनी माझ्यावर जुन्या लुगड्याचा धडपा पांघरला. मला भंगारात घालता येत नाही, कोणाला देता येत नाही. अधिकारी येतील, मोहोर लावतील, मग माझे काय ते ठरेल. तोवर मी बसून आहे. लंकामावशी अजूनही आठवड्यातून एकदा धडपा काढून मला पुसतात. बंद मशीनला कशाला पुसता, असे काकासाहेब म्हणतात. त्या ऐकत नाहीत.

नव्या मशीनवर आता सुचित्राबाईंची मुलगी, डॉक्टर अनन्या, बसते. हुशार आहे. हात आईसारखाच हलका आहे. फक्त तरुण आहे, म्हणून भरभर.

गेल्या महिन्यात एका सकाळी दार उघडले आणि मला ओळखीचा आवाज आला. रतनबाई! विरलेल्या धडप्यातून दिसले, केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. सोबत रुपाली, पुन्हा नववा महिना लागलेला, आणि तिच्या हाताला धरून दोन वेण्या घातलेली एक मुलगी. खोलीत नातेवाइकांना घेत नाहीत, पण ती बाहेर राहीना. शेवटी सुचित्राबाईच म्हणाल्या, "येऊ दे मनवाला. ही खोली तिची जुनीच आहे."

रुपाली टेबलावर झोपली. अनन्याने जेली लावली आणि प्रोब उचलला. मनवाचे लक्ष मात्र कोपऱ्यात. मुलांना झाकलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात. तिने माझ्यावरचा धडपा उचलला. पहिली पास होऊन नुकतीच दुसरीत गेलेली पोर. जे दिसेल ते मोठ्याने वाचायची तिला सवय.

"आधी... विचारा..." ती बोट ठेवून वाचू लागली. "लघवीला... जाऊन... आलात का?" मग मागे वळून तिने विचारले, "आई, गेल्तीस का गं तू?"

अनन्याचा हात हवेतच थांबला. तिने आईकडे पाहिले. सुचित्राबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"गेल्ती!" रुपालीच्या आधी रतनबाईच बाहेरून ओरडली. "या येळंला दोनदा धाडलीय!"

सगळे हसले. अनन्याही हसली, पण तिने प्रोब खाली ठेवला. पट्टीवरचा दुसरा प्रश्न तिने स्वतः विचारला, "रुपालीताई, बाळ कसं हलतंय?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतले, मगच प्रोब उचलला. चार चतकोरांची बेरीज चौदा आली. नव्या मशीनची बेरीजही बरोबर असते, हे मी मान्य करते.

जाण्याआधी सुचित्राबाईंनी माझ्यावरची पट्टी काढून नव्या मशीनला लावायचे ठरवले. नखाने कोपरा उचलला, पण सात वर्षांत ती वाळून कडक झाली होती. फाटू लागली. त्या थांबल्या आणि उचललेला कोपरा त्यांनी अंगठ्याने परत दाबून बसवला. मग कोरी चिकटपट्टी कापून मनवाच्या हातात पेन दिले. मनवा माझ्याकडे बघून एकेक अक्षर उतरवत गेली. ओळ वर चढली, शेवटचा शब्द कडेला दाटीवाटीने बसला.

मित्रांनो, मशीन जुनी झाली तरी तिला पुसत जा, धूळ खात टाकू नका, एवढी माझी विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. मशीनने दिलेला आकडा कितीही ठळक असला तरी त्याआधी समोरच्या माणसाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या दिवशी रुपालीला सगळे माहीत होते. तिला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

आता अधिकारी केव्हाही येवोत. मी तयार आहे. माझ्या पडद्यावर बाईंच्या हातची पट्टी आहे, आणि समोरच्या नव्या मशीनवर मनवाच्या हातची.